विकास योजनेतील रस्ता प्लॉटवरून जातो का, हे कसे तपासावे

जळगावच्या पिंप्राळा, निमखेडी किंवा मेहरूण शिवारात, वसाहतींना जोडणाऱ्या रस्त्यालगत प्लॉट घेताना दलालाने दाखवलेल्या विकास योजनेच्या (शहरातील भावी रस्ते व जमीनवापर ठरवणाऱ्या आराखड्याच्या) झेरॉक्सवर विसंबू नये. सातबाऱ्यावरील गट क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करावा आणि झोन दाखल्यासोबत (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते हे सांगणारा दाखला) भाग नकाशाही (योजनेच्या नकाशातील त्या गटापुरता भाग) मागावा, कारण नुसत्या दाखल्यावरून रस्त्याची रेषा गटाच्या नेमक्या कोणत्या बाजूने जाते हे कळत नाही. रेषा गटाला छेदत असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. हा खर्च मुळीच टाळू नये, कारण कपाशीच्या शेतातला बांध पुष्कळदा सरकलेला असतो. अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत, रस्त्यासारख्या सार्वजनिक कामासाठी आरक्षित जमीन संपादित झाली नसल्यास, मालकाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ अन्वये खरेदी सूचना (जमीन संपादित करावी अशी नोटीस) देता येते.