४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? मोठी संख्या तपासताना या चुका टाळा

२चा ३२वा घात अधिक १ म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ही मूळ संख्या असावी असे फ्रेंच गणिती फर्माला वाटत होते. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव काढले: ६४१ × ६७००४१७. मोठी संख्या तपासताना होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच उदाहरणात सापडतात.

आपल्याकडे हमखास होणारी चूक स्वल्पविरामांची. ७, ११ आणि १३ची एकत्रित कसोटी १००१ (= ७ × ११ × १३) वर उभी आहे, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचेच गट पाडून ते आलटून-पालटून अधिक-उणे करायचे: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. याला ७ने भागल्यास बाकी ५. लाख-कोटींचे स्वल्पविराम तसेच ठेवून गट घेतले तर २९७ − ६७ + ४९ − २९ + ४ = २५४ येते आणि बाकी २ निघते, जी चूक आहे.

लहान मूळ संख्यांनी भाग जात नाही म्हणून संख्या मूळ ठरवू नका. वर्गमूळापर्यंत जावेच लागते. इथे ते ६५५३६च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. ६४१ त्यांतली ११६वी. शंभरावर थांबणारा फसतो.

मात्र संख्येचे रूप (इथे २चा ३२वा घात अधिक १) आधी पाहिले तर ही मेहनत वाचते. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ने भागल्यावर बाकी १ उरणारा असतो. मग सुरुवातीचे उमेदवार उरतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. त्यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ने भागल्यास बाकी २, ६४१ने भाग नि:शेष जातो. दोन भागाकारांत काम झाले! ही सवलत याच रूपाच्या संख्येला आहे, इतर संख्यांना लावू नका.

फर्माची कसोटी अशी: एखादी संख्या पाया म्हणून घ्या, तपासायच्या संख्येतून १ वजा करून तेवढा तिचा घात काढा, तपासायच्या संख्येने भागल्यास बाकी १ यायला हवी. ही कसोटी फक्त २ हा पाया घेऊन करणे धोक्याचे. ही संयुक्त संख्या त्या कसोटीतून सहज सुटते, ३ घेतला की पकडली जाते. पाया बदलणेही पुरेलच असे नाही: २९४४०९ = ३७ × ७३ × १०९ ही संख्या, तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला उत्तीर्ण होते.

संगणकावर ३२ बिटांच्या चलात ४२९४९६७२९७ साठवली तर शिल्लक राहतो फक्त १. एक्सेल १५ अंकांपुढे शून्ये भरते, त्यामुळे १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही विषम संख्या तिथे १०ने विभाज्य दिसते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठे चालतात, पण भागाकाराला दुहेरी तिरपी रेघ (//) वापरा. एकेरीने उत्तर दशांशात जाते आणि शेवटचे अंक हरवतात.

गुणाकार पडताळताना अंकांच्या बेरजेवर विसंबू नका, अंकांची अदलाबदल तिला कळत नाही. सोबत ११ची बाकीही घ्या, एकक स्थानापासून अधिक-उणे करत: ६४१ची ३, ६७००४१७ची ९, गुणाकार २७, म्हणजे ५. ४२९४९६७२९७ची अशीच बेरीज −१७ येते, तिचीही बाकी ५. डावीकडून सुरुवात केली तर +१७ येऊन बाकी ६ दिसेल, आणि बरोबर गुणाकार चुकीचा वाटेल.