फोटोतलं धुकं मळकट का दिसतं?

राजगडाच्या सुवेळा माचीवर पहाटे उभं राहिलं की दरीत कापसासारखं पांढरं धुकं दिसतं, आणि फोटोत तेच राखाडी, मळकट येतं. चूक कॅमेऱ्याच्या अंदाजाची असते. समोर सगळं पांढरं दिसलं की तो उजेड जास्त समजून फोटो काळवंडवतो. म्हणून:

१. फोकस धुक्यावर नको. धुक्यातून वर आलेली गडद कडा, बुरूज किंवा झाड धरा. मोबाइलवर तिथे बोट दाबून ठेवलं की फोकस लॉक होतो.

२. मग उजेड वाढवा. मोबाइलवर शेजारचं सूर्याचं चिन्ह जरासं वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर +०.७ ते +१. सूर्यबिंब चौकटीत आलं की मात्र उलट करायचं, शून्यावर किंवा त्याखाली. नाहीतर आभाळाचा केशरी रंग पार धुऊन जातो.

३. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटोवर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटो तो पहाटेचा रंगच पुसून टाकतो, आणि त्या रंगासाठी तर आपण अंधारात गड चढलेलो असतो!

फ्लॅश बंद, नाहीतर हवेतले थेंब पांढरे ठिपके होऊन येतात. सूर्य वर यायच्या आधीची वीसेक मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात, तेव्हा डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या दिसतात.

एक सांभाळा: स्क्रीनकडे बघत मागे-पुढे सरकू नका. धुक्यात माचीची कड कुठे संपते ते कळत नाही. आधी पाय रोवा, मग कॅमेरा उचला.