आल्प्सचे खडक आणि लार्चची झाडं, वॉटरकलरमध्ये (माझा अनुभव)

स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटचा मॅटरहॉर्न डोंगर रंगवताना खडक नेहमी मातकट दिसायचे, म्हणून आता तयार ग्रे घेतच नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पेपरवरच एकमेकांत सोडते, कुठे निळा जास्त कुठे तपकिरी, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. पेपर ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), रफ, खरखरीत पृष्ठभागाचा. खरी गंमत पुढे आहे, वॉशची (पाणीदार रंगाच्या थराची) चमक गेली पण ओल आहे तेवढ्यात जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड दाबून ओढायची, उन्हातली बाजू लख्ख उजळ निघते. घाई केली तर रंग परत त्या चरीत शिरतो आणि उलट गडद रेघ उमटते, तेव्हा थांबायचंच.

झाडं नंतर, खडक सुकल्यावर. ही सगळी सूचीपर्णी झाडं, स्प्रूस सरळसोट असतो, पण डोंगरावर अगदी उंचावरचे लार्च आणि अरोला पाइन वाऱ्याने वाकडेतिकडे झालेले, एका बाजूला फांदीच नाही, तसेच काढा ना! लार्चची पानं गळण्याआधी सोनेरी होतात, त्यासाठी पिवळ्यात थोडा बर्न्ट सिएना आणि जवळजवळ कोरडा ब्रश. बुंध्याशी नुसतं पाणी लावून रंग खाली उतरू दिला की झाड खडकात रुजलेलं दिसतं, मला हे फार आवडतं.