गोव्यात घर विकायचंय? आधी सह्या मोजा, मग एजंट शोधा

आमच्या घरात दोन विक्री झाल्या. फोंड्यातला फ्लॅट आम्ही स्वतः विकला, शिवोलीचं वडिलोपार्जित कौलारू घर एजंटामार्फत. दोन्ही वेळा ग्राहक मिळाला होता, तरी व्यवहार रखडला तो कागदांपायी. म्हणून एजंट घ्यावा की नाही, हा प्रश्न माझ्या मते तिसऱ्या पायरीवरचा आहे.

पायरी 1: सह्या मोजा

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आजही चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि त्यात वारशाने आलेलं घरही येतं. म्हणजे घर वडिलांच्या नावावर असेल आणि तीन भावंडं वारस असतील, तर आई, तीन भावंडं, शिवाय सुना आणि जावई, एवढ्या सगळ्यांच्या सह्या लागतात.

शिवोलीच्या घराच्या वेळी चुलत बहिणीच्या यजमानांची सही लागणार हे आम्हाला अगदी शेवटच्या आठवड्यात कळलं. ते आखातात नोकरीला. तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून ते इथे येईपर्यंत पहिला ग्राहक दुसरीकडे वळला होता.

त्यामुळे एका कागदावर सगळ्यांची नावं लिहा: कोण कुठे आहे, कोण राजी आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं कुटुंब मूळ घरी जमतं, तेव्हा हा विषय काढा. देव घरात असताना विक्रीचं बोलणं जड जातं, मलाही गेलं. पण सगळे एका छपराखाली येण्याची दुसरी वेळ वर्षभरात नसते. मागोमाग पितृपक्ष येतो. त्या पंधरवड्यात सहसा कुणी व्यवहार करत नाही, तेव्हा तो कागद जमवायला वापरा.

वारसांची नोंद झालेली नसेल तर वारसनाम्याचा दस्त करावा लागतो. भावंडांत वाटणीचा वाद असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी. हे काम वकिलाचं आहे, एजंटावर सोपवू नका.

पायरी 2: फाइल तयार करा

घर पंचायत भागात असेल तर फॉर्म 1 आणि 14, म्हणजे जमिनीचा आपला एक-चौदाचा उतारा, आणि सर्व्हे प्लॅन. शहरात असेल तर सिटी सर्व्हेचा फॉर्म डी. त्यासोबत मूळ खरेदीखत, घरपट्टीची पावती, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि सबरजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र. जमिनीसह घर विकताना उताऱ्यावर कूळ किंवा मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे का, ते स्वतः वाचा. अशी नोंद निघाली की जाणकार ग्राहक तिथेच थांबतो.

पायरी 3: आता ठरवा

माझी कसोटी साधी आहे: तुमचा ग्राहक कुठे राहतो? फोंडा, डिचोली, साखळीत मध्यम किमतीचा फ्लॅट घेणारा बहुधा त्याच तालुक्यातला असतो. सोसायटीतल्या शेजाऱ्यांना सांगा, देवळात, दुकानात कानावर घाला, मराठी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्या, माणसं येतात. आमचा फोंड्याचा ग्राहक समोरच्याच इमारतीत भाड्याने राहत होता! शिवोली, आसगाव भागातल्या जुन्या घरांना मात्र मुंबई-दिल्लीकडचे ग्राहक येतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचणं आपल्या आवाक्यात नसतं. तिथे चांगला एजंट आपली दलाली कमावतो. तुम्ही स्वतः परदेशी असाल, किंवा घर दाखवायला कुणी नसेल, तरीही एजंटच बरा.

हिशेब मांडून बघा. 80 लाखांच्या फ्लॅटवर 2 टक्के दलाली म्हणजे 1,60,000 रुपये. एजंट जीएसटी लावत असेल तर 18 टक्क्यांनी आणखी 28,800. एवढ्या पैशांत कोणतं काम होणार, हे त्याला तोंडावर विचारा.

एजंट घेतलात तर

त्याचा गोवा रेराचा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तपासा. अटी लेखी हव्यात: किती टक्के, कधी द्यायचे (खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच), मुदत किती महिने, आणि ग्राहक तुमच्याच ओळखीतून आला तर काय. ‘तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचे माझे’ हा प्रस्ताव नाकारा. त्यात घराची खरी किंमत तुम्हालाच कळत नाही.

मुखत्यारपत्र एजंटाच्या नावे कधीही करू नका. मूळ दस्त तर दाखवायलाही हातातून सोडू नका. बनावट कागदांवर जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं. प्रती द्यायच्या त्या ‘फक्त पाहण्यासाठी’ असं आडवं लिहूनच.

स्वतः विकत असाल तर

फोटो सकाळच्या उजेडात काढा, शक्यतो पावसाळा सरल्यावर. चिऱ्याच्या भिंतीवरची ओल आणि शेवाळ श्रावणात दडत नाही. पण गळती असेल तर रंग मारून लपवूही नका, आधी दुरुस्त करा. जाहिरातीत सर्व्हे नंबर छापू नका. क्षेत्रफळ सांगताना कार्पेट (घराच्या आतली वापरती जागा) की सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबीच्या वाट्यासह), ते स्पष्ट सांगा. घासाघीस पुष्कळदा तिथूनच सुरू होते. घर दाखवायला दोघंजण थांबा.

बोलणी जुळली की वकिलाकडून साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, करून घ्या आणि त्याची नोंदणी करा. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे, म्हणून विसार चेकने किंवा बँकेतूनच. किंमत 50 लाख किंवा त्यावर असेल तर ग्राहक तुमच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे आगाऊ कर, कापून भरतो. 80 लाखांवर 80,000. ते पैसे बुडाले असं समजू नका, प्रमाणपत्र मागून ठेवा. विकणारा अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी असते, तेव्हा सीएला आधीच गाठा. भांडवली नफ्यावरचा करही त्यालाच विचारा.

खरेदीखताचा दिवस

सबरजिस्ट्रारसमोर सही करण्याआधी उरलेली रक्कम खात्यात जमा झाली का, ते बँकेत विचारून खात्री करा; मोबाइलवरच्या संदेशावर विसंबू नका. नोंदणी झाली की ग्राहकाला घेऊन घरी जा, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे त्याच्यासमोर लिहा, त्यांचा फोटो काढा, ताबापावतीवर त्याची सही घ्या. किल्ल्या त्यानंतर द्या.