हेड गॅस्केट घरी बदलताय? मग या चुका तरी टाळा

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणारं पातळ सील; पाणी, ऑइल आणि सिलिंडरमधला दाब ते वेगवेगळे ठेवतं. जुन्या मारुती ८००चं हेड गॅस्केट घरच्या अंगणात बदलता येतं, यात शंका नाही. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, आजूबाजूला हात घालायला भरपूर जागा, आणि हेड एकट्या माणसाला उचलता येईल एवढं हलकं. घोटाळा होतो तो या सोपेपणामुळेच. शनिवारी व्हिडिओ बघायचा, दुपारी हेड खाली, रविवारी रात्री गाडी घेऊन फेरफटका, असा बेत आखलेली मंडळी पुढच्या आठवड्यात विचारायला येतात, "काका, नवं गॅस्केट टाकलं तरी पाणी खातेय, कंपनीचा माल डुप्लिकेट असेल का?" माल बहुतेक वेळा चांगलाच असतो.

आधी गॅस्केट खरंच गेलंय का ते बघा. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट साय दिसली की लोक थेट पाना उचलतात. आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात घर ते बाजार एवढीच फिरणारी गाडी नीट तापतच नाही, आतली वाफ थंड होऊन झाकणाला चिकटते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर गाडी एकदा तासभर पळवून आणा आणि पुन्हा बघा. गॅस्केट गेल्याच्या खऱ्या खुणा वेगळ्या आहेत. बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होत राहतं, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, थंड इंजिन रेडिएटरचं झाकण काढून सुरू केलं तर बुडबुडे थांबतच नाहीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकदम पडलं असेल तर मधली पट्टी जळाली असं खुशाल समजा. आणि रेडिएटरमध्ये हळद टाकू नका. रेडिएटरचं बारीक छिद्र ती तात्पुरतं बुजवेल, पण जळालेलं गॅस्केट ती जोडणार नाही. उलट रेडिएटरच्या नळ्या चोंदतील.

इथून माझा राग सुरू होतो. गॅस्केट उगाच जात नाही, इंजिन हीट झालं म्हणून जातं. ते का हीट झालं हे न शोधता नवं गॅस्केट टाकणं म्हणजे पुन्हा हेड उतरवायची तारीख ठरवून ठेवणं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरून रेडिएटर क्षारांनी गच्च झालेला असतो, पंखा चालू करणारा थर्मो स्विच मेलेला असतो, पाण्याच्या पंपाचं सील ठिबकत असतं. त्यात थर्मोस्टॅटबद्दलचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणाऱ्या झडपेबद्दलचा, लाडका गैरसमज: "काढून फेका हो, आपल्या हवेत लागतोय कशाला." मग इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं, आतले भाग लवकर झिजतात. एवढं करून घाटात गाडी हीट व्हायची ती होतेच, कारण दोष रेडिएटरचा होता. थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी उकळा. उघडला तर ठीक, नाही तर नवा आणा. उघडण्याचं तापमान त्याच्यावर कोरलेलं असतं. मी हेड उतरवलं की थर्मोस्टॅट आणि सगळे पाण्याचे पाइप नवेच घालतो. जुने चांगले दिसत असले तरीही.

आता ग्राइंडर आणि ड्रिलच्या चकत्या. आमच्या गल्लीतल्या एका हौशी तरुणाची ८०० करूळ घाट चढताना उकळली. पोरगा कामसू. हेड उतरवलं, जुनं गॅस्केट ब्लॉकला चिकटून बसलं होतं, ते खरवडायचा कंटाळा आला. ड्रिलला खरखरीत चकती लावून पाच मिनिटांत सगळं आरशासारखं चकचकीत केलं आणि मला फोटो पाठवला. मी म्हटलं, आता इंजिनाखालचं ऑइल पॅन उतरव आणि आतलं सगळं धुऊन काढ. तो हसला. गाडी छान सुरू झाली, पाणीही खाईना, गल्लीत पेढे वाटायचे बाकी. पुढच्याच महिन्यात ऑइलचा दिवा आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) लुकलुकायला लागला, मग खालून टकटक. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याची, बेअरिंगं उघडली तर ओरखड्यांनी भरलेली. या चकत्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते. ती ऑइलच्या वाटांतून खाली उतरते आणि मऊ बेअरिंगमध्ये रुतून बसून क्रँक घासत राहते. गॅस्केटच्या खर्चात जे काम व्हायचं होतं, त्याला अख्खं इंजिन उघडावं लागलं. शिवाय हातातली चकती अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर खड्डे पाडते ते वेगळंच. डोळ्यांना दिसत नाहीत, पण गॅस्केटला दिसतात.

मी काय करतो? सिलिंडरमध्ये आणि सगळ्या वाटांमध्ये चिंध्या कोंबतो, प्लॅस्टिकच्या नाहीतर बोथट पात्याच्या खरवडणीने हळूहळू काढतो, गॅस्केट रिमूव्हर मारून चहा पिऊन येतो. वेळ लागतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी गाडी गॅरेजला द्यावी, त्यात कमीपणा नाही.

हेड सरळ आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, पोराच्या कंपासमधल्या पट्टीनेही नाही. चांगली स्ट्रेट एज (अचूक सरळ धातूची पट्टी) आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघा. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. ब्लॉकचा माथाही तसाच तपासा, तो सगळे विसरतात. मी तर मापात असलं तरी हेड उद्यमनगरात नेतोच. तिथे फेसिंग (पृष्ठभाग सपाट घासणं) आणि तडा आहे का याची प्रेशर टेस्ट एकाच फेरीत होते, व्हॉल्व्ह सीलही बदलून घेतो. चांगला लेथवाला गरजेपुरतंच घासतो. "जरा जास्त घ्या, पिकअप वाढेल" असं सांगणाऱ्या मित्राला बरोबर नेऊ नका.

दुसरा माझा दुखरा विषय बोल्ट. ते ठरावीक टॉर्कने, म्हणजे पिळाच्या ठरावीक जोराने, आवळायचे असतात. "माझ्या हाताला टॉर्क कळतो" असं म्हणणारे जुने मिस्त्री मला भेटलेत. एकाने आवळलेले बोल्ट त्याच्यासमोरच टॉर्क रिंचने (हा जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासले. एक ढिला, एक जास्त आवळलेला, शेजारचा बरोबर. मिस्त्री म्हणाले, "तुमचा रिंचच खोटा." असो. रिंच भाड्याने आणा, उसना मागा, पण त्याशिवाय हेड बसवू नका. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, आणि दोन-तीन टप्प्यांत. सोडताना उलट, बाहेरून आत.

त्याआधी बोल्टची भोकं. हेड उचलताना त्यांत पाणी आणि ऑइल उतरतं. तळ बंद असलेल्या भोकात पाणी राहिलं तर बोल्ट त्या पाण्यालाच दाबतो. रिंच कट्‌ म्हणतो, हेड मात्र आवळलेलंच नसतं, आणि नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडा जातो. एका जुन्या बोल्टला हॅकसॉने उभी खाच पाडून ठेवा. तो भोकात फिरवला की आट्यांतली घाण खाचेत जमते. नंतर हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. बोल्ट ताणले गेलेले दिसले तर नवे घ्या. काही इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

गरम इंजिनाचं हेड सोडू नका, वाकेल. रात्रभर थंड होऊ द्या.

टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) काढण्याआधी खुणा जुळवून फोटो काढा. नंतर क्रँक फिरवायचा नाही.

गॅस्केटवर "टॉप" लिहिलेली बाजू वर. उलटं बसवणारे मी पाहिलेत.

गॅस्केटला सिलिकॉनचं सोल्यूशन फासू नका. मॅन्युअल सांगत नसेल तर ते कोरडंच बसतं. दाबून बाहेर आलेलं सोल्यूशन पाण्याच्या वाटेत अडकतं.

इंजिन सुरू करण्याआधी फिल्टर बदला आणि स्वस्तातलं नवं ऑइल भरा. थोडी गाडी चालली की ते ऑइल पुन्हा बदला.

नळाचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. गाडीचं तोंड थोडं उंच करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या आणि पातळी भरत राहा. हवा अडकली तर नवं गॅस्केटही पहिल्याच दिवशी भाजेल. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडा. थोडं कमी झालेलं असेल, ते भरा. तिसऱ्या दिवशीही कमी झालं तर आधी पाइपांच्या क्लिपा तपासा, त्याही ठीक असतील तर पुन्हा वर सांगितलेली बुडबुड्यांची तपासणी करा. तोवर करूळ, फोंडा, आंबोली, कुठलाच घाट नको.