विज्ञानाची बातमी पुढे पाठवण्याआधी कशी तपासावी

मथळा सोडा, मूळ शोधनिबंध गाठा. बातमीत बहुधा नियतकालिकाचं आणि मुख्य संशोधकाचं नाव असतं. ते टाकून शोधलं की निदान सारांश फुकट वाचता येतो. निबंध नुसता ‘अर्काइव्ह’ या छपाईआधीचे निबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळावर असेल, तर तज्ज्ञांची छाननी अजून व्हायची आहे असं धरून चाला.

मग सिग्मा बघा, म्हणजे असा संकेत निव्वळ योगायोगाने मिळणं किती दुर्मीळ आहे हे सांगणारा आकडा; तो जितका मोठा, तितका दावा भक्कम. खरी मेख इथेच असते. एप्रिल २०२५मध्ये १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर ‘जीवसृष्टीच्या खुणा’ सापडल्याची बातमी गाजली. जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींत डायमिथाइल सल्फाइड (पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सजीवांकडून तयार होतो) किंवा त्याच्याच जातकुळीतला वायू दिसल्याचा तो दावा ३ सिग्माचा होता. म्हणजे वायू नसतानाही निव्वळ योगायोगाने असा संकेत मिळण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. शोध पक्का म्हणायला ५ सिग्मा लागतात. आणि ०.३ टक्क्यांचा अर्थ ‘९९.७ टक्के तिथे जीवसृष्टी आहे’ असा मुळीच होत नाही! डायमिथाइल सल्फाइड ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, तिथे कुठले आलेत जीव?

संशोधनाबाहेरच्या एखाद्या शास्त्रज्ञाचं मत बातमीत नसेल, तर काही आठवडे थांबा. के२-१८बीच्या त्याच नोंदी इतर गटांनी वेगळ्या पद्धतीने तपासल्या, तेव्हा संकेत बराच फिका पडला.