नवं व्याकरण शिकवताना या चुका टाळा

मिरजेत दवाखाने पुष्कळ, आणि तिथल्या नर्समध्ये केरळच्या मुलीही पुष्कळ. त्यांना मी संध्याकाळी बोलायचं मराठी शिकवते. त्यांच्यासोबत हळदीच्या पेढीवरची हिंदी बोलणारी मुलं असतात, सीमेपलीकडून आलेली कन्नड माणसं असतात. इतकी वर्षं हे करताना नवा नियम वर्गात कुठं अडतो हे नीट लक्षात आलंय, म्हणून लिहिते.

आधी नियमाचं नाव सांगू नका

सुरुवातीला मी फळ्यावर ‘कर्मणी प्रयोग’ असं लिहून व्याख्या सांगायचे. मुली ती सुंदर अक्षरात उतरवून घ्यायच्या आणि वॉर्डात जाऊन विचारायच्या, ‘आजोबा गोळी घेतला?’ मल्याळममध्ये ‘कऴिच्चु’ म्हटलं की झालं. मी, तू, तो, ती, कुणीही खाल्लं आणि काहीही खाल्लं तरी रूप तेच. अशा मुलीला ‘क्रियापद कर्माप्रमाणे बदलते’ हे वाक्य पाठ होतं, पण तोंडात येत नाही.

आता मी पिशवीतून गोळ्यांची पट्टी, औषधाची बाटली आणि चहाचा कप काढून टेबलावर ठेवते. एकीला पेशंट करायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं: गोळी घेतली का? औषध घेतलं का? चहा घेतला का? दहा मिनिटं एवढंच. मग पेशंट बदलायचा. आजोबांनी गोळी घेतली. आजींनी गोळी घेतली. पोरानं गोळी घेतली. चौथ्या-पाचव्या वाक्याला कुणीतरी थबकतं. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, माणूस बदलला, पण घेतली बदलत नाही.’ तिला लगेच ‘बरोबर, याला कर्मणी म्हणतात’ असं सांगायचा मोह आवरला. ‘मग घेतली कुणाकडं बघते?’ एवढंच विचारलं. तिनं गोळ्यांच्या पट्टीवर बोट ठेवलं.

‘आजोबा आले, आजी आल्या’ हे मी पुढच्या तासाला घेते. तिथं क्रियापद माणसाकडं बघतं. दोन्ही प्रकार तोंडात बसले, की मग कर्तरी-कर्मणी ही नावं सांगितली तरी कुणी घाबरत नाही.

विभक्तीचा अख्खा तक्ता एका दिवसात नको

आठ खणांचा हा तक्ता संस्कृतच्या वळणावर बेतलेला आहे. व्याकरणाच्या अभ्यासाला तो हवा, पण भाषा पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या डोक्यावर तो एकदम ओतू नये. मी फक्त ‘ला’ घेते आणि वर्गाची एसटी करते. मी कंडक्टर. ‘कुठं जायचंय?’ सांगलीला, कराडला, पलूसला, जतला. इथपर्यंत गाडी सुसाट जाते. मग मिरज येते आणि होते ‘मिरजेला’. विटा येतं आणि होतं ‘विट्याला’. सातारा, ‘साताऱ्याला’. तिकिटांच्या चिठ्ठ्या मुलांनीच वेगळ्या करायच्या: न बदलणारी गावं इकडं, बदलणारी तिकडं. विटा आणि साताऱ्याची चिठ्ठी एका ढिगात पडली, की पुण्याला जाणारा स्वतःच पुढं येतो, आणि पेढीवरचा मुलगा ‘आग्र्याला’ असं न शिकवता म्हणतो. सामान्यरूप हा शब्द मी त्यानंतर सांगते.

खेळ निवडताना एक बघा. नुसतं गावाचं नाव घेऊन तिकीट मिळत असेल, तर ‘ला’ कुणी लावणार नाही. म्हणून माझा कंडक्टर ‘मिरज’ म्हणणाऱ्याला तिकीटच देत नाही.

शिकणाऱ्याची घरची भाषा दाराबाहेर ठेवू नका

ही चूक मला सगळ्यांत मोठी वाटते. ‘मला पाहिजे’ हे कन्नड माणसाला समजवावंच लागत नाही, कारण ‘ननगे बेकु’ची ठेवण तीच आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक केरळच्या मुलींना एका वाक्यात कळतो. ऐकणारा धरून ‘नम्मळ’ आणि तो वगळून ‘ञङ्ङळ’ असं त्या घरी बोलतातच. विट्याकडच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या, कुटुंबांतली, तमिळनाडूत वाढून परत आलेली मुलंही इथं अडत नाहीत. अडतो तो हिंदी बोलणारा, कारण त्याच्याकडं दोन्हींना ‘हम’. वॉर्डबॉय पेशंटला म्हणाला, ‘आपण डॉक्टरांना सांगून येतो,’ आणि टाके घातलेले काका उठून बसले! हा प्रसंग मी प्रत्येक तुकडीला सांगते. त्यानंतर ‘आम्ही’ विसरणारे फार कमी.

लिंगाचंही असंच. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, आवाज स्त्रीलिंगी. मराठीत पुस्तक ते, आवाज तो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, त्यामुळं खुर्ची ‘ती’ का हे त्या माणसाला पटतच नाही. तिथं कारणं देत बसू नका. शब्द सुटा शिकवूच नका: माझी खुर्ची, माझं पुस्तक, माझा चहा.

रस्त्यावरच्या मराठीला चूक म्हणू नका

इथल्या कितीतरी बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. माझी आई म्हणायची, घरात मीही म्हणते. मुली हे बाजारात ऐकून येतात आणि पुस्तकात ‘जाते’ बघून गोंधळतात. ‘ते अशुद्ध’ असं सांगितलं, तर ज्या शेजारणीशी बोलायला त्या मराठी शिकतायत तिलाच आपण खोटं पाडतो. दोन्ही सांगा: अर्ज लिहिताना ‘जाते’, चहाला बसल्यावर ‘जातो’.

वाक्याच्या मध्येच चूक सुधारू नका. वाक्य पुरं होऊ द्या, मग बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज वापरा.

आणि उत्तर येत नसेल तर बाहेर पाठवा. ‘रिपोर्ट आला’, ‘फाईल आणली’, ‘इंजेक्शन घेतलं’ इथपर्यंत आल्यावर एकीनं विचारलं, ‘सलाईन लावलं की लावली?’ मी म्हटलं, ‘उद्या वॉर्डात कान देऊन ऐक.’ दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत दोन रकाने होते, दोन्हींत रेघा मारलेल्या. ‘लावलं’ सात, ‘लावली’ चार, आणि खाली एका आजींचं अख्खं वाक्य मल्याळम लिपीत लिहून घेतलेलं.